कापसाच्या खोलीत भरलेला वर्ग

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की आमच्याकडे वेचणीला जोर चढतो. मारेगावहून आमच्या गावाकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापसाची पऱ्हाटी फुटलेली दिसते, मधूनमधून तुरीच्या ओळी पिवळ्या झालेल्या असतात, आणि सकाळी ऑटोत दाटीवाटीनं बसलेल्या बाया कोणाच्या ना कोणाच्या वावराकडे निघालेल्या असतात. हा हंगाम मला फार आवडायचा. आवडायचा म्हणते, कारण आता तो आला की कापसाचा तंतू घशात गेल्यासारखं होतं. कितीही खाकरा, निघत नाही.

परवा सासूबाईंबरोबर वावरात गेले होते. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे वेचणीआधी पहिल्या झाडाला दहीभात वाहिला, दोन बोंडं हातात घेऊन कपाळाला लावली, आणि कमरेला ओटी बांधून पात, म्हणजे वेचायची ओळ, धरली. मी शेजारची पात धरली. धुऱ्यापलीकडच्या, बांधाच्या त्या बाजूच्या वावरात बाहेरगावच्या बाया वेचायला आल्या होत्या, दोन-तीन तरुण पोरीही होत्या. ऊन छान कोवळं होतं. आणि त्या कोवळ्या उन्हात पलीकडच्या पऱ्हाटीतून मला माझाच आवाज ऐकू आला.

“नमस्कार विद्यार्थी मित्रांनो. आज आपण काळी मृदा समजून घेऊ.”

सासूबाईंनी मान वर केली. आधी धुऱ्यापलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तूच हायेस ना वं ते?”

“मीच.”

“मंग हे इथं कोण हाय?” म्हणाल्या, आणि परत वेचायला लागल्या. त्यांना थट्टा करायची होती. मी मात्र हातातलं बोंड तसंच धरून तिकडे कान लावला.

मी तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवत होते. तासिका तत्त्वावर. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: जेवढे तास शिकवाल तेवढ्यापुरते तुम्ही प्राध्यापक. उन्हाळा आला की तुम्ही कोणीच नाही, आणि कॉलेज उघडलं की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तोच प्रश्न, “भूगोलच का निवडला?” मी दरवर्षी नवं उत्तर द्यायची. खरं उत्तर एवढंच होतं, की मला बोलायला फार आवडतं आणि मातीइतका बोलण्यासारखा विषय मला दुसरा दिसला नाही.

बडबडी तर मी आहेच, ते लपवण्यात अर्थ नाही. घंटा झाली तरी माझा तास संपायचा नाही. पुढच्या तासाचे सर दारात उभे राहून घसा साफ करत, आणि मी पोरांना सांगत असे, हे एवढं शेवटचं. पर्समध्ये ढेकळं घेऊन फिरायची मी. एक नदीकाठचं, एक माळावरचं. नवऱ्यानं माझं नाव मातीवाली मॅडम ठेवलं होतं. वर्गात ढेकळावर पाणी ओतायचं, ते कसं फुगतं ते दाखवायचं, उन्हाळ्यातल्या भेगांची गोष्ट काढायची, त्या भेगांत कोणाची चप्पल अडकली, कोणाच्या आजोबांची काठी गेली असं काहीबाही निघायचं. पोरं हसायची. त्या हसण्यातूनच खरे प्रश्न यायचे. आधी कोणी प्रश्न विचारत नाही हो. आधी माणूस हसतो, सैलावतो, मग विचारतो.

सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची अर्चना. विहाराजवळच्या घरातली, दुसऱ्या वर्षाची पोरगी. आई वेचणीला, निंदणाला जाणारी, हिचंही हंगामात निम्मं कॉलेज बुडायचं. पण आली की पहिल्या बाकावर. “मॅडम, मले एक सांगा,” इथून तिचं सुरू व्हायचं. एकदा तिनं विचारलं होतं, “नकाशात आपला जिल्हा एकाच रंगाचा काहून दाखवते? आमच्या गावातच चार रंगाची माती हाय.” त्या प्रश्नावर माझे दोन तास गेले. अभ्यासक्रम मागे पडला आणि मला काडीचं वाईट वाटलं नाही.

मग करोनाचं साल आलं. त्याआधीची दोन-तीन वर्षं कापसानं सगळ्यांना रडवलं होतं. बोंडं वरून टपोरी, फोडली की आत गुलाबी अळी बसलेली. जो कापूस निघे त्याला भाव नाही. त्यात कॉलेज बंद, एसट्या बंद, आठवडी बाजार बंद. काही महिने तर आपण नक्की कोण आहोत हेच मला कळेना, कारण वर्गाशिवाय मी म्हणजे नुसती बडबडणारी बाई.

पावसाळ्याच्या शेवटी प्राचार्य सरांचा फोन आला. भला माणूस. म्हणाले, “मॅडम, आपल्या पोरांकडे डेटा नाही, रेंज नाही. तासभराचा ऑनलाइन वर्ग कोणी बघत नाही. छोटी छोटी लेक्चरं रेकॉर्ड करा. एका लेक्चरमध्ये एकच मुद्दा. सात-आठ मिनिटांच्या वर अजिबात नको.”

“सर, सात-आठ मिनिटं तर माझी हजेरीच चालते.”

ते हसले. “म्हणूनच तुम्हाला आधी फोन केला. छोटं असलं तरी आपण तासिका धरू.”

पहिली लेक्चरं मी पुढच्या खोलीत रेकॉर्ड केली. वर पत्रे, खाली फरशी. आवाज असा घुमायचा, की वाटावं विहिरीत उतरून शिकवतेय. मध्येच कोंबडी ओरडायची, मध्येच भाजीवाल्याचा भोंगा. ढेकूळ हातात घेऊन मी फोनसमोर बसायची आणि बोलता बोलता सवयीनं गाडी दुसरीकडे वळायची. चपलेची गोष्ट सुरू झाली की वेळ संपलेली. परत पहिल्यापासून. गोष्ट काढून टाकली की सात मिनिटांत बसायचं. मग ढेकूळही काढलं, कारण व्हिडिओ जड होतो आणि पोरांना उतरवता येत नाही. माझा चेहराही त्याच कारणानं गेला. राहिला तो एक नकाशा, चार ओळी आणि माझा आवाज.

एक मात्र निघालं नाही. मुद्दा संपला की “कळलं का?” म्हणून मी थांबायची. वर्गात थांबते तशीच. समोर भिंत, पण मी आपली वाट बघायची, आणि मग पुढे जायची. कॉलेजात व्हिडिओ चढवणारे गजानन भाऊ म्हणाले, ही रिकामी जागा कापू का? म्हटलं, बाकी काहीही कापा, तेवढी राहू द्या.

तेवढ्यात वेचणी लागली आणि आमच्या घरी कापूस आला. भाव नव्हता. नवरा म्हणाला, “थांबून पाहू.” सगळं गावच थांबलेलं होतं. आधी मधल्या खोलीत कापूस भरला, ती भरली तसा पुढच्या खोलीत. भिंतीला लागून छपरापर्यंत कापूस, आणि मध्ये खुर्ची मावेल एवढी जागा. त्या खुर्चीत बसून मी एक दिवस सहज लेक्चर रेकॉर्ड केलं, आणि ऐकून चकित झाले. घुमणं नाही, कोंबडी नाही, भोंगा नाही. कापसानं सगळा आवाज गिळला होता, फक्त माझा तेवढा ठेवला होता. इतका जवळचा, इतका स्वच्छ आवाज मी स्वतःचा कधी ऐकला नव्हता. प्राचार्य सरांचा लगेच फोन. “मॅडम, कुठल्या स्टुडिओत गेलात?”

“घरच्याच,” म्हटलं.

मला काय नशा चढली होती म्हणून सांगू. दुपारी सगळे वावरात गेले की दार लोटून मी त्या पांढऱ्या खोलीत बसायची. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी यायची, तिच्यात बारीक तंतू उडत असायचे. कापसाचा तो कोमट, सरकीचा तेलकट वास. अंगाला अशी खाज सुटायची, की हाताला खोबरेल चोपडून बसावं लागे. आणि मी बोलत असायची. हळूहळू मला ती कला साधली. एक मुद्दा, एक उदाहरण, एक प्रश्न, बस. काही गोष्टी वर्गात मी उगाच पसरून सांगत होते हेही तिथंच उमगलं. खोटं कशाला बोलू, त्या छोट्या लेक्चरांचा मला अभिमान होता. आजही आहे.

आणि पोरं ऐकत होती. सकाळी विहाराच्या पायरीवर रेंज मिळायची, तिथं चार-पाच जणं जमून दिवसभराची लेक्चरं उतरवून घ्यायची, आणि मग वावरात ऐकायची. अर्चना मला आवाजातच निरोप पाठवायची. मागे पऱ्हाटीची खसखस, बायांचं हसणं. “मॅडम, तुमचं एक लेक्चर एका पातीत होते. पात धरली का लावतो, धुऱ्याले पोचलो का संपते. आमच्या संगं वेचणारी मंदामावशी बी ऐकून राह्यली. ते म्हणते, या मॅडमची बॅटरी लवकर उतरते काय?”

मी तो निरोप नवऱ्याला ऐकवला, सासूबाईंना ऐकवला. वाटलं, वर्ग गेला तर गेला, माझं बोलणं आता थेट वावरात पोचलं. ज्या पोरीचं निम्मं कॉलेज हंगामात बुडायचं, तिचा यंदा एकही तास बुडला नाही. हे काही थोडं नव्हे.

एकदा तिनं विचारलं, “तुमी म्हणता काळी माती पाणी धरून ठेवते. मंग आमच्या शेजारच्या वावरातली पऱ्हाटी दसऱ्यालेच काहून वाळली? माती तर काळीच हाय.” आता याचं उत्तर सात मिनिटांत कसं द्यायचं? त्यासाठी हातात खुरपं हवं, वावर हवं, माती उकरून खालचा मुरूम दाखवायला हवा. मी तिला म्हटलं, ते खालच्या मुरमाचं आहे, भेटल्यावर सांगते. कॉलेज उघडलं की पहिल्यांदा हेच.

इकडे नवऱ्याची चलबिचल सुरू झाली होती. कापूस फार दिवस घरात ठेवला की वजन उतरतं, रंग जातो. कधीही गाडी बोलावू, म्हणायचा. आणि मला घाई सुटली. कापूस गेला की माझा स्टुडिओ गेला. परत ती विहीर, परत ती कोंबडी. म्हणून मी ठरवलं, कापूस घरात आहे तोवर वर्षभराचं सगळं उरकून घ्यायचं. तिन्ही वर्गांचं, दोन्ही सत्रांचं. मृदा, नद्या, वारे, पिकं, लोकसंख्या, काही म्हणून शिल्लक ठेवायचं नाही. दुपारच्या दुपारी मी बोलत सुटले. घसा बसला की गरम पाणी प्यायचं आणि परत खुर्चीत. नवऱ्याला म्हटलं, अजून आठवडाभर थांब, भाव वाढेल. भावाचं मला काय कळतंय, मला वाऱ्यांचा धडा संपवायचा होता.

संक्रांतीच्या सुमारास गाडी आली. माणसं खोलीत शिरली, पायांनी कापूस तुडवत, गाठोडी बांधत. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी. मी आत जाऊन उगाच “नमस्कार विद्यार्थी मित्रांनो” म्हणून पाहिलं. चारी भिंतींनी ते मला परत केलं. मी हसले होते तेव्हा. सगळं उरकलं होतं ना माझं.

पुढच्या वर्षी कॉलेज उघडलं. मी नवी साडी नेसून, पर्समध्ये दोन ढेकळं टाकून मुलाखतीला गेले. अर्चना तिसऱ्या वर्षाला गेली होती, तिचं उत्तर माझ्याकडे बाकी होतं. प्राचार्य सरांनी चहा मागवला. मुलाखतीचं नावच काढेनात. मग म्हणाले, “मॅडम, तुमची लेक्चरं इतकी सुंदर झालीत, अख्खा अभ्यासक्रम झालाय. भूगोलाच्या तासिका या वर्षी मंजूर करायची गरजच पडली नाही. पोरं तीच ऐकतील. नंतर काही निघालं तर कळवतो.”

हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत खरंच कौतुक होतं. मी चहा संपवला, धन्यवादही म्हटलं. बाहेर येऊन पाहिलं तर माझ्या वर्गाच्या खिडकीत धूळ जमली होती आणि फळ्यावर कोणाचं तरी जुनं गणित तसंच होतं. पर्समधली ढेकळं मी गेटजवळच्या कडुनिंबाखाली ठेवली. घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हंजे तुह्या जागेवर तूच बसली म्हण ना.”

यावर रडावं की हसावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या कोणी माझी जागा घेतली असती तर त्याला चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. कोणाला घालू? त्या कापसाला? तो तर बिचारा विकला गेला. मी शिकवायची थांबले आणि माझा आवाज मात्र शिकवत राहिला. तो आजारी पडत नाही, सुटी मागत नाही, दर वर्षी मुलाखतीला येत नाही. आणि एवढं करून त्याला प्रश्न ऐकू येत नाही. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, ते मी नाकारत नाही. पण त्याच्याहून जास्त मला हे लागलं, की त्या लेक्चरांत मी पोरांना “कळलं का?” विचारते, आणि पोरं काय म्हणतात ते ऐकायला तिथं कोणी नाही.

अर्चना पास झाली, लग्न होऊन केळापूरकडे गेली. मध्ये एकदा तिचा निरोप आला होता. “मॅडम, तुमचे व्हिडिओ मले पाठ झालते. पण तुमी भेटल्याच नाही. ते मुरमाचं राहूनच गेलं.” मी उत्तर लिहायला घेतलं, लांबत गेलं, खोडलं. घरी ये कधी, एवढंच पाठवलं. ती आली नाही. तिला आता लेकरू आहे, कशाला येईल? मी दुपारी दहावीच्या पोरांची शिकवणी घेते, हंगामात वेचणीला जाते. वाईट चाललंय असं नाही. पण हा हंगाम आला, पहिली गाठोडी घरात आली, की मी त्या खोलीच्या दारात उगाच उभी राहते.

तर परवा. धुऱ्यापलीकडे माझा आवाज बोलत होता. काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण जास्त असतं, म्हणून ती ओलावा धरून ठेवते. वेचता वेचता मी पुढचं वाक्य मनात आधी म्हणत होते. मग तो आवाज म्हणाला, “कळलं का?” आणि थांबला.

त्या रिकाम्या जागेत पलीकडून एक पोरगी बोलली. “मंग या वावरातली अर्धी पऱ्हाटी काहून वाळून राह्यली? माती तर सारी काळीच हाय.”

शेजारची बाई हसली. “ते मॅडम ऐकून राह्यली काय तुहं? वेच मुकाट्यानं.”

फोनमधला आवाज पुढे गेला होता. मी पात सोडली, ओटी तशीच कमरेला, आणि धुरा ओलांडून गेले. म्हटलं, “मी सांगू?”

पोरीनं माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. परत माझ्याकडे. “तुमचा आवाज...”

“हो, मीच आहे ती. नाव काय तुझं?”

“पायल. दुसऱ्या वर्षाले हाय.” तिनं घाईघाईनं फोन बंद केला, वडीलधारं माणूस आल्यावर करतात तसा. “तुमी खऱ्या बी हायेत होय?”

आहे बाई, म्हटलं. मग खुरपं मागून घेतलं आणि हिरव्या झाडाशी खणलं. हात आत गेला तरी काळीच माती. मग चार पावलांवर वाळक्या झाडाशी खणलं. वीतभर गेलं नाही तर खालून मुरूम लागला, खडबडीत, तांबूस. तिला हात घालायला लावला. वरून दोन्ही सारख्याच काळ्या, पण इथं पाणी धरायला मातीच किती आहे बघ. बोलता बोलता चपलेची गोष्ट निघाली, काठीची निघाली. बाया हसल्या. मग पायलनं दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. कितीतरी वर्षांनी माझा तास लांबला. बायांची मुकडदमीण ओरडली तेव्हा कुठे आम्ही उठलो.

हात झटकत पायल म्हणाली, “मॅडम, हे सारं एकदा परत सांगता? मी रेकॉर्ड करून घेतो. बाकीच्या पोरींले बी पाठवीन.” आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला.

मी एक पाऊल मागे सरले. “नको गं. उद्या ये, त्यांनाही घेऊन ये. मी पुन्हा सांगेन. रोज सांगेन.”

“उद्या आमी बोरी अरबकडे चाललो, तिकडच्या वेचणीले. इकडं नाही येत आता.”

सासूबाई धुऱ्यावर येऊन उभ्या होत्या. पायलचा हात ताणून दुखत असावा, तरी फोन तसाच धरलेला. मी पदरानं तोंड पुसलं. “नमस्कार विद्यार्थी मित्रांनो,” म्हटलं, आणि सांगायला लागले. घड्याळ पाहिलं नाही. चपलेची गोष्टही गाळली नाही. शेवटी सवयीनं म्हणाले, “कळलं का?” आणि थांबले.

“नाही मॅडम,” फोनमागून पायल म्हणाली. “मुरमाचं अजून एकदा सांगा.”

मी परत खाली बसले आणि माती हातात घेतली. तिनं रेकॉर्डिंग बंद केलं नव्हतं.